सापडलेलं प्रत्येक बक्कल शिवकालीन नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाच्या रानात नांगरट करताना नाहीतर घराचा पाया खणताना एखादं पितळी बक्कल वर येतं आणि दिवस मावळायच्या आत त्याचा फोटो ‘शिवकालीन’ म्हणून गावभर फिरतो. मेटल डिटेक्टर ऑनलाइन मिळू लागल्यापासून तर विचारायलाच नको. शिवकाळात कमरेला शेला किंवा कमरबंद बांधायची रीत होती. तलवारीच्या पट्ट्याला आणि घोड्याच्या सामानाला बक्कलं असत, पण काटा असलेली साधी लोखंडी चौकट तीनशे वर्षं त्याच आकाराची राहिली आहे. नुसत्या आकारावरून तिचा काळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

बक्कल हातात आलं की आधी उलटं करावं. ओतीव असेल तर पाठ खडबडीत, जाडी कमीजास्त आणि कडेला कानशीचे वळ दिसतात. प्रेसवर दाबलेलं असेल तर पत्रा सगळीकडे सारखा आणि पुढच्या नक्षीचा उलटा खळगा मागे उमटलेला असतो. हे कारखानदारीचं काम, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं. मग मुलामा पाहावा. निकेलचा मुलामा किंचित पिवळसर दिसतो, तो साधारण १८७० नंतर रुळला. निळसर झाक असलेला क्रोम १९२० च्या दशकानंतरचा. वजनाला हलकं अ‍ॅल्युमिनियम रोजच्या वापरात आलं ते विसाव्या शतकातच. राखाडी, पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसणारं आणि मोडल्यावर आत दाणेदार असणारं जस्ताचं ओतकाम बहुधा १९३० नंतरचं. वस्तूवरची सगळ्यात नवी खूण तिचा काळ ठरवते, सगळ्यात जुनी नव्हे. अपवाद काट्याचा. तो मोडला की मोची दुसरा बसवून देतो, म्हणून निर्णय चौकटीवरून घ्यावा.

बक्कलावर ब्रिटिश राजसत्तेचा मुकुट असेल तर काम सोपं होतं. कमानी वर चढून गोल घुमट झालेला मुकुट १९०१ ते १९५२ या काळातला. मध्यभागी कमानी खाली दबलेल्या असतील तर तो व्हिक्टोरियाच्या काळचा किंवा १९५३ नंतरचा. आपल्याकडच्या सरकारी वस्तूंवरून मुकुट १९५० मध्ये गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, त्यामुळे इथल्या सरकारी बक्कलावर असा दबका मुकुट दिसला तर तो व्हिक्टोरियाकडेच बोट दाखवतो. कोल्हापूर संस्थानची मुद्रा असेल तर १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणाआधीची. इंग्रजी एस आकाराच्या सापाच्या आकड्याला मात्र लोक फार भुलतात. ब्रिटिश पलटणींत तो होता हे खरं, पण शाळकरी पोरांच्या पट्ट्यांनाही तो पुढे कितीतरी वर्षं लागत होता. एकट्या सापावरून काही ठरत नाही.

कोल्हापुरात लष्करी सामान निघणारच. १८५७ च्या ३१ जुलैला बंड करणारी २७ वी नेटिव्ह इन्फंट्री इथलीच. पायदळाच्या छातीवरच्या आडव्या पट्ट्याची पितळी पाटी १८५५ च्या सुमारास बंद होऊन कमरपट्ट्यावर दोन भागांची गोल कडी आली, म्हणजे त्या पलटणीजवळ दोन्ही असू शकतात. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश फौजेचा १९०८ च्या पद्धतीचा कापडी कमरपट्टा ३ इंच रुंद आणि १९३७ च्या पद्धतीचा सव्वादोन इंच, म्हणून बक्कलाची आतली रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजावी. ७६ मिमी भरली तर पहिला, ५७ च्या आसपास भरली तर दुसरा. कापडावर छापलेलं नाव-साल मातीत कुजतं. पितळेवर ठसा असेल तर तेवढाच उरतो, तोही तिरप्या उजेडात भिंगाखाली. वळिवडे-गांधीनगर परिसरात परदेशी गरुडाचं बक्कल निघालं तरी अचंबा नको. १९४३ ते ४८ तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती.

नकलाही पुष्कळ आहेत. मूळ बक्कलावरून साचा काढून ओतलेली नक्कल पितळ आकसल्याने सुमारे दीड टक्का लहान भरते, म्हणजे ७६ मिमीमागे १ मिमीहून थोडं जास्त. अक्षरं बोथट असतात, खळग्यांत बारीक बुडबुडे दिसतात आणि हिरवा रंग ओल्या बोळ्याला लागतो.

चिंच, लिंबू, पितळेची पावडर, तारेचा ब्रश यांतलं काहीही लावू नये. ठसा आणि मुलामा यांनीच जातो. माती सुकू द्यावी आणि मऊ ब्रशने झाडावी. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तांब्याच्या धातूला लागलेला तो रोग आहे. पाणी न लावता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावं, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असावी.

पन्हाळ्यासारख्या संरक्षित जागी डिटेक्टर घेऊन खणणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हरवलेलं एकटं बक्कल त्यात बसेल का, यावर वाद घालता येईल. नाण्यांच्या हंड्यासोबत निघालं तर वादच नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या मूर्तीवरून रोमशी असलेल्या व्यापाराबद्दल बोलता येतं, कारण ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळाली हे नोंदलेलं आहे. म्हणून बक्कल उचलण्याआधी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा आणि गट नंबर, खोली व सोबत निघालेल्या खापऱ्या-खिळ्यांची नोंद करावी. पाठीचा फोटो नसेल तर ओळख पटवायला कुणाकडे पाठवूच नये.

– जुन्या धातुवस्तूंचा अभ्यासक, कोल्हापूर