दरजांमधली बुरशी अ‍ॅसिडने जात नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पितृपक्ष संपत आला की नागपुरात दसरा-दिवाळीची साफसफाई सुरू होते आणि सायकलवर कॅन बांधून फिनाईल, अ‍ॅसिड विकणाऱ्यांच्या आरोळ्या गल्लोगल्ली ऐकू येऊ लागतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत न्हाणीघरातल्या टाइल्सच्या दरजा, म्हणजे ज्यांना आता आपले मिस्त्रीही ग्राउट म्हणतात, काळ्या पडलेल्या असतात आणि ‘अ‍ॅसिड टाका, लख्ख होईल’ हा सल्ला शेजारीपाजारी फुकट मिळतो. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून माझी ३१ वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारे या सल्ल्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

हा सल्ला रूढ होण्यामागे एक कारण आहे. नळाबरोबर बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर साचतो आणि तो अ‍ॅसिडने खरोखरच निघतो. त्याच जागेवरचा काळा डाग मात्र बुरशीचा असतो. साबणाचा मळ आणि अंगावरचे तेल हे तिचे खाद्य, आणि सिमेंटच्या सच्छिद्र ग्राउटमध्ये मुरलेला ओलावा हा तिचा आधार. अ‍ॅसिड पडताच जो फेस उसळतो तो पाहून ‘मळ कापला जातोय’ असे वाटते, पण क्षार संपल्यानंतर तो फेस प्रामुख्याने सिमेंटमधील चुन्याच्या अंशाचा असतो. म्हणजे डागाबरोबर आपण दरजही विरघळवत असतो. वरचा पापुद्रा गेल्याने ती आठवडाभर उजळ दिसते हे खरे, पण ती आता अधिक खडबडीत आणि अधिक सच्छिद्र झालेली असते, पाणी जास्त धरून ठेवते आणि पुढच्या श्रावणात अधिक लवकर काळी पडते. दरवर्षी अ‍ॅसिड लागणाऱ्या घरात दरवर्षी अ‍ॅसिड का लागते, याचे उत्तर इतके साधे आहे.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. आमच्या इमारतीत गेल्या महिन्यात टाकी धुतल्यानंतर उरलेली ब्लीचिंग पावडर एका घरी न्हाणीघरात पसरून ठेवली होती, आणि सकाळी कामाला आलेल्या ताईंनी नेहमीप्रमाणे त्यावर अ‍ॅसिड ओतले. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात इप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून सोडण्यात आला तोच हा वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या घरमालकापेक्षा खाली बसून घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडात तो आधी आणि अधिक जातो. ताईंना वेळीच बाहेर मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे नेले, तरी त्यांचा खोकला दोन दिवस थांबला नव्हता. शौचालयासाठीच्या अनेक क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असते, त्यामुळे ‘आम्ही अ‍ॅसिड वापरतच नाही’ असे म्हणणाऱ्यांनीही बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत.

मग बुरशी घालवायची कशी? आधी एक रात्र न्हाणीघर कोरडे राहू द्यावे, कारण पाण्याने भरलेल्या दरजेत औषध मुरत नाही. मग कपड्यांच्या पावडरचे पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन साबणाचा थर काढावा, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पुन्हा वाळू द्यावे. तारेच्या ब्रशने ग्राउट खरवडले जाते, म्हणून तो टाळावा. त्यानंतर करोनाकाळात घरोघरी ओळखीचे झालेले सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रवरूप ब्लीच, एका भागाला दहा भाग थंड पाणी या प्रमाणात लावावे, दहा-पंधरा मिनिटे ठेवून घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. हातात रबरी मोजे असावेत. दार-खिडकी सताड उघडी ठेवावी. ज्यांना ब्लीचचा वास सोसत नाही त्यांनी औषधाच्या दुकानात मिळणारे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून वापरावे. ते गडद बाटलीत मिळते, कारण उजेडात त्याचे विघटन होते. पारदर्शक फवारणीच्या बाटलीत भरून ठेवलेल्या पेरॉक्साइडची ताकद हळूहळू कमी होत जाते. एका वेळी एकच औषध वापरावे, दोन एकत्र करू नयेत. खायचा सोडा आणि व्हिनेगर मिसळण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे; त्यातही फेसच भुलवतो, प्रत्यक्षात दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात.

एवढे करूनही काळेपणा राहिला तर बुरशी आतवर गेली आहे असे समजावे. अशा वेळी मिस्त्रीकडून जुने ग्राउट खरवडून काढून इपॉक्सी ग्राउट भरणे श्रेयस्कर. ते महाग पडते, पण त्यात पाणी मुरत नाही. कोपऱ्यातले सिलिकॉन काळे झाले असेल तर ते कापून नवेच भरावे लागते.

आपल्याकडची आणखी एक सवय मला खटकते. मे महिन्यात उन्हाची झळ नको म्हणून न्हाणीघराच्या झरोक्याला लावलेला पुठ्ठा जुलैतही तसाच राहतो आणि आतला दमटपणा दिवसभर कोंडून राहतो. तो पुठ्ठा मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर काढला, आंघोळीनंतर भिंतींवरूनही वायपर फिरवला आणि एक्झॉस्ट पंखा पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवला, तर बुरशीला फारशी संधी उरत नाही.

शेवटी एक विनंती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री करू नये, असा तो आदेश आहे. तो अ‍ॅसिड हल्ल्यांच्या संदर्भातील असला, तरी पाण्याच्या जुन्या बाटलीत, कोणतीही चिठ्ठी न लावता दारोदार विकले जाणारे अ‍ॅसिड त्यात कुठे बसते, हे संबंधित प्रशासनाने सणाच्या गर्दीपूर्वी पाहावे. आपल्या दैनिकाने दिवाळीच्या स्वच्छतेवरील मजकुराबरोबर ‘ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र करू नका’ एवढी एक चौकट ठळक अक्षरांत छापली, तर घरकाम करणाऱ्या महिलांपर्यंतही ती पोहोचेल. आमच्या इमारतीच्या फलकावर ती लावण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, नागपूर