माँ ब्लाँवर आमच्या माणसांसाठी गेलेल्या रेने पायो यांना

श्री. रेने पायो यांस,

सप्रेम नमस्कार.

३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान आल्प्समधल्या तुमच्या माँ ब्लाँ शिखराच्या माथ्याजवळ आदळलं. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी असे ४८ जण त्यात होते. तुम्ही त्यांच्या शोधासाठी पायथ्याच्या शामोनी गावाहून वर गेलात आणि परत आला नाहीत. मी मुंबईचा. सह्याद्रीत कुणी दरीत पडलं की दोर घेऊन जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक. तुमचे आभार मानल्यावाचून मला राहवत नाही, म्हणून हे पत्र.

ते विमान आमच्यासाठी काय होतं, हे आधी सांगतो. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. त्या पहिल्या उड्डाणाचं विमान हेच, 'मलबार प्रिन्सेस'. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात बसून गेले होते. मार्ग कैरो, जिनिव्हा, लंडन असा. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत हेच विमान तुमच्या डोंगरावर संपलं. त्या दिवशी त्यात बसलेले बहुतेक प्रवासी खलाशी होते. जहाजावर रुजू व्हायला इंग्लंडला निघाले होते. समुद्रावर पोटापाण्याला निघालेली माणसं बर्फात गेली, हा विचार आला की अजून गलबलतं.

'मलबार प्रिन्सेस' लॉकहीड कॉन्स्टेलेशन बनावटीचं, त्या काळातलं उत्तम प्रवासी विमान. चार पिस्टन इंजिनं, आतला हवेचा दाब राखणारी केबिन. पण हवामान दाखवणारं रडार प्रवासी विमानांत अजून आलेलं नव्हतं. ढगात शिरलं की नकाशा, घड्याळ, होकायंत्र आणि जमिनीवरून येणारे रेडिओचे संकेत, एवढ्यावर आपण कुठे आहोत ते ठरवायचं. त्या सकाळी आल्प्सवर वादळ होतं. विमान आदळलं ती जागा सुमारे ४,६७० मीटरवर, तुर्नेत नावाच्या खडकांपाशी. माथा तिथून जेमतेम दीडशे मीटर वर.

वादळ ओसरेपर्यंत कुणाला काही कळलं नाही. मग आकाशातून अवशेष दिसले आणि तुमची तुकडी निघाली. नोव्हेंबरातला ताजा, न बसलेला बर्फ म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एवढ्या उंचीवर उतरेल असं हेलिकॉप्टर तेव्हा नव्हतं आणि आजच्यासारखं सरकारी बचाव पथकही नव्हतं. डोंगरात कुणी अडकलं की वाटाड्यांनीच जायचं, ही तुमच्या गावाची रीत. १८२१ पासून तुमच्या वाटाड्यांची संघटना आहे. १९४८ मध्ये गावाने बचावकार्यासाठी वेगळी संस्थाही काढली होती. तुकडीचे म्होरके तुम्ही. वाटेत हिमस्खलन झालं आणि ते तुम्हाला घेऊन गेलं.

मेलेल्यांसाठी जिवंत माणसाने जीव का घालवायचा, असा प्रश्न लोक विचारतात. आम्हालाही विचारतात. मला तो प्रश्न अर्धवट वाटतो. दरी किती खोल आहे हे ऐकूनच आम्हाला पुढचं कळलेलं असतं, तरी पाय उचलतातच, कारण खाली गावात कुणीतरी ताटकळत बसलेलं असतं. ते 'वाचला असेल का' असं विचारत नाहीत. 'आणाल ना?' एवढंच विचारतात. २०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात बस कोसळून ३० जण गेले, तेव्हा भर पावसात महाड-महाबळेश्वरकडचे ट्रेकर दोर लावून दरीत उतरले ते याचसाठी. पण ती माणसं आपल्याच मुलखातली होती. तुमच्यापाशी 'आणाल ना?' असं विचारायलाही कुणी नव्हतं. खलाशांच्या घरचे हजारो मैल दूर होते. त्यांची भाषा तुम्हाला येत नव्हती, नावंही माहीत नव्हती. कुणी न विचारता तुम्ही गेलात. मी आभार मानतो आहे ते नेमके याचे.

तुमच्या गावाने पुढेही आमची माणसं परकी मानली नाहीत. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे विमान जवळपास त्याच जागी आदळलं. होमी भाभांसह ११७ जण गेले, आणि शामोनीची माणसं पुन्हा वर गेली. माँ ब्लाँवरून उतरणारी बोसाँची हिमनदी दोन्ही विमानांतलं काही ना काही अजूनही खाली आणते. १९७८ मध्ये तिच्या पायथ्याशी एका पोलिसाला 'मलबार प्रिन्सेस'मधली पन्नासहून जास्त पत्रं सापडली, आणि ती अठ्ठावीस वर्षांनी मूळ पत्त्यांवर रवाना झाली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांनी भरलेली डबी मिळाली. तो ती घेऊन थेट पोलिसांत गेला. त्या सगळ्यांचेही आभार.

यंदा पावसाळ्याआधीच्या सरावात नव्या मुलांना तुमची हकिकत सांगितली. एका मुलीने विचारलं, "मग त्यांची तुकडी मागे फिरली?" हो, फिरली. तुम्ही गेल्यावर त्यांनी पुढे जायचं नाही असं ठरवलं. शिखराखाली विमानापर्यंत पोहोचले ते शेजारच्या साँ-जर्व्हे गावाहून निघालेले दुसरे वाटाडे, आणि कुणी वाचलेलं नाही हे त्यांनी खाली कळवलं. आपला माणूस गमावून, काम अर्धं टाकून दोर गुंडाळणं किती जड जातं, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी तसं केलं नसतं तर आणखी कुणी गेलं असतं. साँ-जर्व्हेच्या वाटाड्यांचे आभार, आणि मागे फिरलेल्या तुमच्या सोबत्यांनाही माझा नमस्कार.

कळावे,

आपला,
सह्याद्रीतल्या एका बचाव पथकाचा कार्यकर्ता, मुंबई