नंदे, ती वही लिहून झाली

डोंबिवली (पूर्व)
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय नंदे,

काकू आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, हे वाचून फार बरं वाटलं. तुळशीपर्यंत गेल्या की खालच्या पायरीवर बसतात आणि परत उठवताना तुझी कंबर धरते, असं तू लिहिलंस. ते वाचताना मला तुमचं कुडाळचं अंगण दिसलं, आणि तिथे मी नव्हते हेही दिसलं. त्यांचा पाय मोडला, ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, आणि हे सगळं मला पंधरा दिवसांनी कळलं. तेही तू फोन केलास म्हणून. तुझे आधीचे दोन फोन मी घेतले नव्हते. ‘नंतर करते’ म्हणून ठेवून दिले होते.

तेव्हा मी म्हटलं, “वेळच मिळत नाही गं.” तू जराही न रागावता म्हणालीस, “वसू, एकदा लिहून तरी बघ, जातो कुठे तुझा वेळ.” तू सहज बोललीस, पण मला ते फार लागलं. दिवाळी उरकली आणि सईची एक अर्धी कोरी वही घेतली. सोमवार २४ नोव्हेंबर ते रविवार ३०, असा पूर्ण आठवडा लिहून काढला. आज तुला त्याबद्दलच सांगायचं आहे.

कसं लिहायचं हे कळेना, म्हणून सरकार हे कसं करतं ते शोधलं. आपल्याकडे वेळेच्या वापराची देशभर पाहणी होते, पहिली २०१९ मध्ये झाली आणि दुसरी २०२४ मध्ये. त्यात माणसाचा दिवस पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असा धरतात आणि त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने करतात. दिवसाचे ४८, आठवड्याचे ३३६. पहाटे ४ ही वेळ मला लगेच पटली. रात्री बाराला कुणा बाईचा दिवस संपतो?

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला तो मेथीचा. संध्याकाळी सीएसएमटीहून गाडी सुटतानाच चढते, त्यामुळे येताना बसायला मिळतं. बसले की मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं, स्टेशनाबाहेर घेतलेली जुडी सोडायची आणि निवडायला घ्यायची. पानं एका पिशवीत, देठं दुसरीत. शेजारच्या बाईने काही न विचारता मूठभर मेथी आपल्या मांडीवर ओढली आणि तीही निवडायला लागली. तिचं नाव मला माहीत नाही, पण पाच-सहा वर्षं आम्ही एकमेकींची भाजी निवडतो आहोत. ठाणं येईपर्यंत जुडी संपली. मग मी वही काढली आणि पेन हातात धरून तशीच बसून राहिले. या रकान्यात काय लिहू, प्रवास की स्वयंपाक?

सरकारी पाहणीत एका अर्ध्या तासात दोन-तीन कामं झाली असतील तर तीही नोंदतात, प्रत्येक किमान १० मिनिटं चाललेलं असलं म्हणजे झालं. मग मीही तसंच केलं. वर ‘प्रवास’ लिहिलं, खाली पेन्सिलीने ‘मेथी’. आठवडा संपला तेव्हा घरातले बहुतेक रकाने असे दोन मजली झाले होते. ‘कुकर’ खाली ‘सईचं इतिहासाचं पाठांतर’. ‘कपडे वाळत घालणे’ खाली ‘आईंच्या गोळ्या’, म्हणजे सासूबाईंच्या. एका रकान्यात तर तीन कामं झाली आणि अक्षर इतकं बारीक आलं की आता माझं मलाच लागत नाही.

मोठे आकडे आधी सांगून टाकते. आठवड्याचे १६८ तास. त्यातले ४५ ऑफिसात गेले, साडेसोळा प्रवासात, झोपेत साडेचव्वेचाळीस. घरकाम ३० तास आणि आईंचं वेगळं ७. माझं आंघोळ-जेवण साडेदहा तास. ऑफिस आणि प्रवास यात नवीन काही नव्हतं, ते तुलाही माहीत आहे.

झोपेचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. सासूबाई आता ७८ वर्षांच्या आहेत. रात्री अडीच-पावणेतीनला हाक मारतात, मी त्यांना बाथरूमला नेऊन आणते, पांघरूण नीट करते, पाणी देते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, “कधीतरी उठावं लागतं, एखाद दिवशी.” मी खोटं बोलले नसते, मला तसंच वाटत होतं. पण वही आणि पेन ओट्यावर ठेवलेलं होतं, आणि ठरवल्याप्रमाणे उठल्यावर तिथल्या तिथे लिहिलं होतं. सातपैकी पाच रात्री. सोमवारी २:३५. मंगळवारी २:५०, पुढे ‘परत झोप नाही, ३:४०’. सकाळी उठून चहा टाकताना ते अक्षर पाहिलं आणि अंगावर काटा आला. हे मी लिहिलं आहे आणि मला ते आठवत नाही! पाणी पावणेसहाला येतं. ते भरायच्या घाईत रात्र पुसून जाते, आणि मग दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागले की मी स्वतःलाच आळशी म्हणते. किती महिने म्हणत होते, नंदे.

संजयला मी लिहायला लावलं नाही. रोज जेवताना त्याला विचारायचे आणि त्याच्यासमोर मागच्या पानावर टिपायचे. तो मनाने चांगला आहे, हे तुला सांगायला नको. पोळ्या सोडून सगळं येतं त्याला. आमच्या घरात कामं वाटलेली आहेत असंच आम्ही दोघं इतकी वर्षं समजत होतो. आठवड्याचे त्याचे ९ तास झाले, म्हणजे दिवसाला ७७ मिनिटं. माझी दिवसाला २५७, तीही आईंचं आणि लोकलमधली मेथी न धरता. त्याला मी त्या पाहणीतले आकडेही दाखवले. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २०१९ मध्ये २९९ मिनिटं होती, २०२४ मध्ये २८९. पुरुषांची आधी ९७, नंतर ८८. पाच वर्षांत बाईच्या दिवसातली दहा मिनिटं सुटली आणि पुरुषाचीही नऊ सुटली. मग ते काम गेलं कुठे, मला सांग. यंत्रांनी केलं असेल, मोलकरणीने केलं असेल, पण नवऱ्याने उचललं नाही एवढं तर दिसतंच आहे.

संजय बराच वेळ ते पान घेऊन बसला होता. वाद घातला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “रात्री मला उठव.” मी हो म्हटलं. पण आठवडा झाला, एकदाही उठवलं नाही. आई हाक मारतात ती माझ्या नावाने. त्यांना सुनेचा हात धरून जायची सवय आहे, मुलाचा हात धरून बाथरूमला जायचं म्हटलं तर त्या संकोचून जातात. एकदा तो आपणहून उठला, तर म्हणाल्या, “तू झोप रे, मला नाही जायचं.” मग अर्ध्या तासाने मला हाक. यात कुणाचं चुकतंय ते मला सांगता येत नाही. पण संजय आता पहाटे उठून पाणी भरतो. आठवड्यात एकदाही चुकला नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. फोनवर माझे साडेनऊ तास गेले. आठवड्यात साडेनऊ तास! आणि तुला मी सांगितलं की वेळ नाही. हा आकडा मांडला त्या रात्री मला तुझ्याकडे तोंड दाखवायची लाज वाटली. कुणाकुणाच्या घरची नवी भांडी, कुठल्यातरी गावातला पाऊस, रेसिपी, भांडणं, हे सगळं मी पाहिलं आणि काकूंचा पाय मोडलेला मला कळला नाही.

पण दुसऱ्या दिवशी तेच रकाने परत नीट पाहिले. साडेनऊ तास एकत्र कुठेच नव्हते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. प्लॅटफॉर्मवर गाडी येईपर्यंत. सईचा क्लास सुटायला दहा मिनिटं होती तेव्हा जिन्यात. आईंना गोळी दिल्यावर त्या गिळेपर्यंत शेजारी उभी असताना. सगळे पाच-सात-दहा मिनिटांचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला कुणीतरी हाक मारणार हे ठरलेलं. अशा तुकड्यात फोनवरची चित्रं बघता येतात, कारण ती अर्ध्यात टाकली तरी कुणाला वाईट वाटत नाही. तुला मात्र अर्ध्यात टाकता येत नाही. तू “आई पडली” म्हणणार आणि मी “थांब हं, शिट्टी झाली” म्हणणार, हे मला नको होतं. म्हणून प्रत्येक वेळी ‘निवांत करू’ म्हणत राहिले. तो निवांत वेळ येतच नव्हता, आणि येत नाहीये हे मला कळतही नव्हतं. हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाही. फोन न उचलणं ते न उचलणंच. पण त्यामागे काय होतं ते मला या वहीमुळे कळलं, आणि ते आधी तुलाच सांगावंसं वाटलं.

माझी आजी कामाच्या धबडग्यात आईला म्हणायची, “घटकाभर टेक गं.” घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसाच्या ६०. मी वहीत शोधत बसले की घरात, जागेपणी, कुणीही न हाकारलेली, एका कामाची अशी सलग घटका मला किती वेळा मिळाली. आठवड्यात तीन वेळा. तीन रकाने, दीड तास. त्यात मी काहीच केलं नव्हतं. मंगळवारी रात्री सगळं आवरून गॅलरीत उभी होते, खाली कुणीतरी स्कूटरला पुन्हा पुन्हा किक मारत होतं. गुरुवारी तिथेच. आणि शनिवारी दुपारी, आई झोपल्या होत्या, सई क्लासला आणि संजय बाहेर, तेव्हा पलंगावर नुसती पडून पंख्याकडे बघत होते. वहीत काय लिहावं कळेना. आधी ‘आराम’ लिहिलं, ते खोडलं. मग ‘काही नाही’ असं लिहिलं. होस्टेलच्या गच्चीवर आपण दोघी पाठीवर पडून राहायचो, जेवणाची घंटा होईस्तोवर एक शब्द बोलायचो नाही, ते त्या शब्दावरून आठवलं. पूर्ण वहीत मला सगळ्यांत आवडलेले रकाने हेच तीन आहेत.

राहिलेले साडेतीन तास सांगते म्हणजे हिशेब पुरा होईल. दोन तास रविवारी कल्याणला एका रिसेप्शनमध्ये गेले. आणि दीड तास सईबरोबर, नुसतं तिच्याबरोबर, पुस्तक न उघडता. तिने मला तिच्या वर्गातली भांडणं सांगितली. मुलीच्या वाट्याला आठवड्यात दीड तास. ती दहावीला आहे, अजून दोन-तीन वर्षांनी बाहेरगावी जाईल. या आकड्यावर मी अजून विचार करते आहे. ‘कुकर’ खाली पेन्सिलीने लिहिलेलं तिचं पाठांतर यात धरावं का, हे सईलाच विचारलं. ती म्हणाली, “ते धर ना आई, तेव्हा तू ऐकत असतेस.” मग धरलं.

वही आता बंद केली. रोज लिहायचा माझा विचार नाही, लिहायलाही वेळ जातोच. पण त्या शनिवारच्या पानाला खूण घालून ठेवली आहे. कालच्या शनिवारीही पाहिलं, साडेतीन ते साडेचार घर शांतच होतं. आई झोपतात, सईचा क्लास साडेचारला सुटतो, आणि आता शनिवारी तिला आणायला संजय जाणार आहे. कुकर लावायचा नाही, मशीन लावायचं नाही, असं मी ठरवलं आहे. गॅलरीतले दोन रकाने माझे राहू देत. शनिवारचा हा तास मला तुझ्यासाठी हवा आहे.

तुझी शाळा शनिवारी सकाळची असते ना अजून? तेव्हा काकूंची झोपायची वेळ असेल तर तसं कळव, मी चारला करीन. नाहीतर १३ तारखेला साडेतीन वाजता तुला फोन करते. काकू जाग्या असल्या तर आधी त्यांना दे. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे कसं पडल्या ते, अगदी पहिल्यापासून.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वसू