पाणी नव्हे, गवतच थंडीचं!

संपादक महोदय,

अमेरिकेहून आणलेलं लॉनचं बी पुण्यात दिवाळीनंतर झकास उगवलं, पण एप्रिलात करपलं, असा प्रश्न एका वाचकाने रविवारच्या पुरवणीत विचारला होता. उत्तर छापलं, ‘पाणी कमी पडलं असेल.’ पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, दोष पाण्याचा नाही. तिकडच्या लॉनमधली केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू ही थंडीची गवतं. जमीन १० ते १८ अंश असली की त्यांची मुळं जोमात, तापली की आखडतात. आपली हरळी नेमकी उलटी.

हे मला न्यू जर्सीत मुलाच्या दारात कळलं. पहिल्याच वर्षी जूनमध्ये मी हौसेने मशिन सगळ्यात खालच्या खाचेवर लावून गवत भादरलं. पंधरा दिवसांत अंगण खाकी! मग रोज संध्याकाळी पाणी मारलं, तर पात्यांवर बुरशी. सूनबाई काही बोलली नाही, हे जास्त लागलं. शेजारचे आजोबा पट्टी घेऊनच आले: उंची तीन ते चार इंच, एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापायचा. पाणी आठवड्याला इंचभर, तेही पहाटे. मी टूना माशाचा रिकामा डबा लॉनवर ठेवून मोजायला लागलो (सवय जात नाही). जुलैत ते पिवळं पडतं तेव्हा मेलेलं नसतं. एक ठोंब उपटून पाहिला, बुडाशी पांढरा, टणक जीव होता.

पेरणी तिथे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण गणपतीच्या आगेमागे. माती ऊबदार, रात्री गार आणि तणाचा जोर ओसरलेला. आधी भाड्याचं मशिन फिरवून जमिनीला भोकं पाडतात; बोटाएवढ्या मातीच्या गुळ्या अंगणभर पडतात, शेळ्यांचा कळप बसून गेल्यासारख्या. राय गवत आठवड्यात दिसतं, ब्लूग्रास मात्र तीन आठवडे वाट पाहायला लावतं. खताचा मुख्य हप्ताही याच सुमारास. १५ नोव्हेंबर ते १ मार्च तर घरमालकाला खत टाकायला तिथे कायद्यानेच बंदी आहे. गळलेली पानं गोळा न करता मशिननेच चुरायची. वसंतात फोर्सिथियाच्या झुडपाला पिवळी फुलं दिसली, की क्रॅबग्रास या तणाचं बी रुजण्याआधीच मारायचं औषध टाकायचं, बाकी फारसं काही नाही.

त्या वाचकाने आषाढात हरळी लावावी. कडेची थोडी न कापता ठेवली, तर गणपतीला दूर्वांच्या जुड्या विकत घ्याव्या लागणार नाहीत.

– एक निवृत्त शाखा अभियंता, कोथरूड, पुणे