आठवड्याचा किराणा : खरेदीचा हिशेब आणि वापराचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात घरखर्चाविषयी अधूनमधून येणारे लेखन मी आवर्जून वाचते. त्यात महागाईची चर्चा असते, काटकसरीचे उपाय असतात आणि बहुतेक वेळा शेवटी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्यक्तीने हात थोडा आखडता घ्यावा, असा सल्ला असतो. मी पस्तीस वर्षे एका कार्यालयात हिशेब तपासण्याचे काम केले आणि तेवढीच वर्षे घरचा किराणाही आणला. कार्यालयात एका पैशाची तफावत असली तरी ती सापडेपर्यंत मी जागची उठत नसे. घरी मात्र अनेक वर्षे सगळा कारभार अंदाजाने चालला होता. हे लक्षात आल्यावर मी घराची वही कार्यालयाच्या वहीसारखी लिहायला घेतली. तेव्हा जे दिसले ते असे, की आठवड्याचा किराणा हाताबाहेर जातो तो बहुधा उधळपट्टीमुळे नव्हे. आपण मोजतो ती खरेदी, आणि घर चालते वापरावर. या दोहोंतले अंतर कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून पैसे कुठे गेले ते कळत नाही.

सुरुवात अगदी साध्या चुकीपासून होते. महिन्याला किराण्यासाठी जी रक्कम बाजूला काढतो तिला आपण चाराने भागतो आणि तो आठवड्याचा आकडा धरतो. महिना म्हणजे चार आठवडे हे तोंडी बसलेले गणित आहे, पण बारा महिन्यांचे चार-चार आठवडे मिळून ४८ होतात आणि वर्षात आठवडे असतात ५२. समजा, महिन्याची रक्कम १३,००० आहे, चलन कोणतेही असो. चाराने भागल्यास आठवड्याला ३,२५० येतात. तीच रक्कम बाराने गुणून ५२ने भागली तर बरोबर ३,००० येतात. दर आठवड्याला २५० जास्त खर्च होत राहिले तर वर्षाअखेर १३,००० कमी पडतात, म्हणजे एका पूर्ण महिन्याचा किराणा. हे घर उधळे नसते. त्याने फक्त चुकीच्या आकड्याने भागलेले असते. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत होणारी ओढाताण, पुढच्या महिन्याच्या पैशांतून केलेली उचल, त्यावरून घरात होणारी बोलाचाली, यांतला बराच भाग या एका भागाकारातून येतो. मी स्वतः किती तरी वर्षे चारानेच भागत होते, हे इथे मोकळेपणाने नमूद करते.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हिशेबाच्या कामात नवशिक्यालाही शिकवले जाते की वापरलेला माल काढायचा तर सुरुवातीची शिल्लक घ्यावी, तिच्यात खरेदी मिळवावी आणि अखेरची शिल्लक वजा करावी. दुकान चालवणारा प्रत्येक जण हे करतो. घरात मात्र सुरुवातीची शिल्लक कोणी पाहत नाही. थेट यादी होते आणि पिशव्या बाहेर पडतात. मी पहिल्यांदा खरेदीच्या आदल्या संध्याकाळी कपाटातले सगळे बाहेर काढून टेबलावर मांडले, तेव्हा एकाच जिन्नसाची तीन उघडी पाकिटे निघाली. तिन्हींची तोंडे रबराने बांधलेली होती आणि तिन्ही अर्ध्याच्या आत आलेली होती. कुठलेच पाकीट पूर्ण संपले नव्हते, पण आधीचे दिसत नाही म्हणून प्रत्येक वेळी नवे आले होते. मागच्या फळीवर एक डबा होता, त्यातल्या वस्तूला वास लागलेला. त्या संध्याकाळी मी नव्या यादीतल्या बऱ्याच वस्तू खोडल्या. त्या आठवड्याचा खर्च उतरला आणि जेवणात कोणाला काही कमी पडले नाही.

तेव्हापासून आमच्या वहीत दोन खाती आहेत. एक नाशवंत मालाचे : भाजीपाला, दूध, फळे आणि जे सात दिवसांत खाऊन संपलेच पाहिजे असे सगळे. दुसरे टिकाऊ मालाचे : धान्य, तेल, साखर, साबण आणि जे कपाटात आठवडे-महिने राहते असे. नाशवंत मालात खरेदी आणि वापर एकाच आठवड्यात पडतात, त्यामुळे तिथे साधी बेरीज पुरते. टिकाऊ मालात ते जमत नाही. तेलाचा मोठा डबा आणला की तो आठवडा फुगलेला दिसतो, पुढचे कित्येक आठवडे स्वस्त भासतात आणि त्या भासावर विसंबून आपण इतरत्र सैल होतो. डबा पुन्हा रिकामा झाला की धक्का बसतो. यावरचा मार्ग असा की प्रत्येक नवा डबा किंवा पाकीट उघडताना त्यावर तारीख लिहावी. संपल्यावर किती आठवडे पुरले ते समजते. एखादा डबा दहा आठवडे पुरत असेल तर त्याच्या किमतीचा दहावा भाग दर आठवड्याला वेगळ्या पाकिटात टाकावा, म्हणजे पुढचा डबा आणायची वेळ येते तेव्हा पैसे तयार असतात आणि मधल्या काळात भाव चढला असेल तर फक्त वरचा फरक घालावा लागतो. दोन-तीन महिने तारखा लिहिल्या की घराची खरी चाल हातात येते. मग त्या तारखांवरून यादी जवळपास आपोआप तयार होते.

वहीत तिसराही एक रकाना आहे आणि तो लिहिताना आजही माझा हात जड होतो. त्याचे नाव 'टाकले' असे आहे. शीतकपाटाच्या खालच्या खणात, पिशवीच्या तळाशी, काळी पडून चिकट झालेली पालेभाजी हाताला लागते, ती पिशवीसकट उचलून कचऱ्यात जाते आणि दोन मिनिटांत आपण ती विसरतो. ती विसरू नये म्हणून हा रकाना. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्ननासाडीच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला जवळपास ६० टक्के वाटा घरांचा होता. माणशी हिशेब केला तर घराघरांतून वर्षाला सरासरी ७९ किलो, म्हणजे आठवड्याला दीड किलो. या आकड्यात साली, बिया, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही चौघांच्या घरातून आठवड्याला सहा किलो बाहेर जाते ही गोष्ट लहान नाही. आपण दुकानात काही टक्क्यांच्या सवलतीसाठी दोन वस्तू हातात घेऊन उभे राहतो आणि पूर्ण किमतीची वस्तू मागच्या दाराने टाकून देतो. 'टाकले' या रकान्यात वस्तू, अंदाजे किंमत आणि कारण एवढेच लिहायचे. आमच्याकडे कारणे फिरून फिरून तीनच निघाली : जास्त आणले, दिसले नाही, शिजवायला वेळ झाला नाही. तिसऱ्या कारणामुळे मला माझी सवय बदलावी लागली. कामाच्या गर्दीत निवडून-चिरून करायच्या भाज्या मी मोठ्या उत्साहाने आणत होते आणि त्या तशाच पडून राहत होत्या. आता आठवड्याच्या उत्तरार्धासाठी ज्यांना वेळ कमी लागतो आणि ज्या जास्त दिवस टिकतात अशाच वस्तू आणते.

साठवणुकीबाबत थोडेच लिहिते, कारण यावर आपल्या दैनिकात पूर्वी येऊन गेले असणार. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून दोन्ही एका खणात ठेवू नयेत. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये आणि शीतकपाटाचे तापमान ५ अंश सेल्सियसच्या खाली असावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. पाकिटावरच्या तारखांमध्येही फरक असतो. एक तारीख उत्तम चवीची असते, दुसरी सुरक्षिततेची. पहिली उलटली म्हणून चांगली वस्तू फेकणे आणि दुसरी उलटल्यावरही खाणे, या दोन्ही चुका घरोघरी होतात.

दुकानात उभे असताना मात्र एकच गोष्ट पाहावी, असा माझा आग्रह आहे. पाकिटाची किंमत पाहू नये, किलोचा किंवा लिटरचा दर पाहावा. युरोपीय संघाने १९९८ मध्येच मालाबरोबर एककाचा दर दाखवणे बंधनकारक करणारा निर्देश काढला, कारण वेगवेगळ्या वजनांच्या पाकिटांची तुलना डोळ्यांनी होत नाही. मोठे पाकीट स्वस्तच असते हा समज किती तरी वेळा खोटा ठरतो, आणि स्वस्त असले तरी अर्धे खराब होणार असेल तर ते महागच. किंमत तीच ठेवून आतले वजन कमी करण्याचा प्रकार तर इतका वाढला, की फ्रान्समध्ये जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ तशी सूचना लावणे सक्तीचे झाले. जिथे असा नियम नाही तिथे आपली वहीच कामाला येते. तारीख लिहिण्याची सवय असेल तर सहा आठवडे पुरणारे पाकीट पाचच आठवडे पुरू लागले, हे लगेच ध्यानात येते.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसले तिच्याकडे येते. काटकसरीच्या लेखांत एक सूर असतो, की नीट नियोजन केले तर कोणत्याही उत्पन्नात भागते. हे खरे नाही. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून दाखवले, की उत्पन्न जितके कमी तितका त्यातला अन्नावरचा वाटा मोठा. त्यामुळे भाव वाढले की कमी उत्पन्नाच्या घराला त्याचा फटका आधी आणि जास्त बसतो, मग वही कितीही काटेकोर असो. ज्याची मिळकत रोजची आहे त्याला मोठा डबा एकदम घेता येत नाही आणि तो लहान पाकिटे घेत राहतो, जी किलोमागे महाग पडतात. त्याला हात आखडता घ्या म्हणणे हा अन्याय आहे. त्याच्या ताटातले काढून वाचवण्यासारखे काही उरलेले नसते. अशा दोन-तीन घरांनी मिळून मोठे पाकीट आणावे आणि वजन करून वाटून घ्यावे, हा एक उपाय मी जवळून पाहिला आहे. त्यात थोडीबहुत मदत होते, पण अपुऱ्या मिळकतीची भरपाई त्याने होत नाही.

दुसरा सूर मला तितकाच खटकतो. हिशेबाची सगळी जबाबदारी घरातल्या एकाच व्यक्तीवर, बहुधा बाईवर, टाकली जाते. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही घराघरांत पोहोचवली, ती घर चालवणाऱ्या बायकांच्या हाती पैशाचे भान आणि अधिकार यावा म्हणून. त्याला सव्वाशे वर्षे होत आली, आता ती वही घरातल्या सगळ्यांची व्हायला हवी. आमच्याकडे हे एका भांडणातून घडले. एका सकाळी चहाला साखर नव्हती, मी मुलावर चिडले, आणि तो शांतपणे म्हणाला, "आई, काल मीच संपवली, पण ते कुणाला सांगायचं असतं हे मला कधी कोणी सांगितलंच नाही." त्याचे म्हणणे रास्त होते. त्याच दिवशी शीतकपाटाच्या दारावर कागद लागला आणि दोरीने पेन्सिल बांधली गेली. जो शेवटचे वापरेल त्याने लिहायचे, एवढाच नियम. पुढे मुलाने आणि त्याच्या वडिलांनी आळीपाळीने खरेदीला जायला सुरुवात केली. पहिल्या काही खेपांना जास्तीचे आले, चुकीचे आले. मी बोलण्याचा मोह आवरला आणि 'टाकले' हा रकाना त्यांच्याच हाताने भरायला दिला. त्यानंतर यादीबाहेरच्या वस्तू कमी होत गेल्या.

संपादक महोदय, माझी आपल्याला विनंती दोन गोष्टींची आहे. किराण्याच्या भावांची बातमी देताना पाकिटाची किंमत न छापता किलोचा किंवा लिटरचा दर आणि आधीच्या महिन्याचा दर शेजारी-शेजारी छापावा, म्हणजे वही लिहिणाऱ्याला तो थेट उतरवून घेता येईल. दुसरे असे की घरखर्चावरचे लेखन आजवर बहुतेक महिलांच्या पुरवणीत येत आले आहे. ते अर्थविषयक पानावर, गुंतवणूक आणि कर्जाच्या मजकुराशेजारी यावे. ते पान घरातले पुरुष आणि नुकतेच कमावू लागलेले तरुण वाचतात, आणि आठवड्याच्या किराण्याची वही उद्यापासून त्यांनाही लिहायची आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक नियमित वाचक