हजेरी चुकली म्हणून जामीन रद्द?

महोदय,
नशेच्या 'बटन' गोळ्या किंवा दारूच्या आहारी गेलेल्या आरोपीलाही जामीन देताना 'दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी' हीच ठरावीक अट घातली जाते. दोन-तीन हजेऱ्या बुडाल्या की ठाण्याचा अहवाल, मग जामीन रद्दीचा अर्ज. त्या तारखेलाही तो आला नाही तर अजामीनपात्र वॉरंट निघते आणि जामीनदाराला नोटीस जाते. सातबारा जोडणारा चुलता पुन्हा कोर्टाची पायरी चढत नाही, हे सांगायला नको.

दिलेला जामीन रद्द करायला सबळ कारण लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दौलतराम प्रकरणात स्पष्ट केले आहे. साक्षीदाराला धमकावणे आणि व्यसनमुक्ती केंद्रात भरती असल्याने हजेरी बुडणे एका मापाने कसे मोजणार? मात्र भरतीचा कागद वेळेत कोर्टापुढे यायला हवा. भरती होताच अट शिथिल करण्याचा अर्ज द्यावा, प्रत ठाण्यात देऊन पोच घ्यावी. वॉरंट निघाल्यावर तोच कागद बनाव वाटतो.

'व्यसन करू नये' ही अट तपासायची कशी? त्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार आणि दरमहा डॉक्टरांचा दाखला, ही अट तपासता येते.

आणखी एक. रोज पिणाऱ्याची दारू कोठडीत एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. त्यामुळे आरोपीला हजर करतानाच वैद्यकीय तपासणीची मागणी नोंदवावी.

— एक वकील, परभणी