घरकुलाचा नकाशा जागेवर उभे राहून काढू द्या : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय ग्रामविकास मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातील सुमारे २० लाख कुटुंबांना प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांची मंजुरीपत्रे देण्यात आली. त्यांतील अनेक घरांचे जोते आज विदर्भातल्या गावोगावी भरले जात आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत घरे बांधणारी वास्तुरचनाकार आहे. हे काम रोज जवळून पाहत असल्यामुळे आपल्याकडे एकच विनंती करते : घरकुलाचा नकाशा त्या घराच्या जागेवरून, तिथल्या उन्हावरून आणि मातीवरून ठरावा, आणि त्यासाठी लागणारी मोकळीक व माणूस शासनाने द्यावा.

आमच्या भागातले एक घरकुल आपल्यासमोर ठेवते. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाचे हे दोन खोल्यांचे घर आहे. रस्ता पश्चिमेला म्हणून दार पश्चिमेला, त्याच भिंतीत पत्र्याच्या झडपांची एकुलती खिडकी, विटा वाचाव्यात म्हणून भिंत साडेचार इंची, वर उघडा स्लॅब आणि समोर छपरी, म्हणजे ओसरीवरचे छप्पर, नाही. मे महिन्यात दुपारी चारनंतर त्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून ठेवता येत नाही. दिवेलागणीनंतर स्लॅबची पाळी येते. दिवसभर पिऊन घेतलेले ऊन तो मध्यरात्र उलटेपर्यंत खाली सोडत राहतो, आणि कूलर लावला तरी तो आतलीच गरम, दमट हवा फिरवतो, कारण ती बाहेर जायला समोरासमोर दुसरी खिडकीच नाही. घरातले सगळे अंगणात खाटा टाकून झोपतात. म्हातारी आजी मात्र दुपारी अजूनही मागच्या पडक्या मातीच्या खोलीत जाऊन पडते, कारण दीड हात जाडीची ती भिंत तापून ऊन आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. ज्या खोलीतून कुटुंबाला बाहेर काढण्यासाठी सरकारने पैसे दिले, त्याच खोलीचा आसरा उन्हाळ्यात घ्यावा लागतो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

यात त्या कुटुंबाचा दोष नाही आणि मिस्त्रीचाही नाही. हेच घर त्याच पैशांच्या आसपास वेगळे उभे राहू शकले असते. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सर्वाधिक तापते ते छत, आणि त्याखालोखाल पूर्व व पश्चिमेच्या भिंती. दक्षिणेची भिंत थोड्याशा छज्जाने सावलीत राहते. म्हणून घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवणे, पश्चिमेला न्हाणी, सरपणाची जागा किंवा छपरी घेऊन झोपायची खोली तिच्या आड ठेवणे, निदान ती एक भिंत नऊ इंची घालणे आणि खिडक्या समोरासमोर काढणे, यांतल्या बऱ्याच गोष्टींना खर्च नव्हे, तर जोते आखण्याआधी अर्धा तास विचार लागतो. दार रस्त्याकडेच हवे असेल तर तेही जमते. दारापुढे छपरी घेतली की दारही राहते आणि भिंतही वाचते.

लोक स्लॅब का मागतात, हे मी जाणते आणि त्यांची ही मागणी रास्त मानते. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरावर वानरांची टोळी एकदा नाचून गेली की पहिल्या पावसात घर गळते. दरवर्षी घर शाकारायला माणूस मिळत नाही, कवेलू घडवणारे कुंभार राहिले नाहीत आणि सागाचे फाटे गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले. स्लॅबवर मिरच्या, कुरडया, वड्या वाळतात, आणि पुढेमागे मुलासाठी वर एक खोली चढवता येते. तेव्हा स्लॅब असावाच, पण तो उघडा सोडू नये. वरून चुन्याचा पांढरा हात दर उन्हाळ्याआधी दिला, किंवा पांढऱ्या फुटक्या फरशीचे तुकडे बसवले, तरी छताचे तापणे स्पष्टपणे कमी होते. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फारसा भार घेत नाही, तिथे कवेलू किंवा मातीची भांडी भरून काँक्रीट वाचवण्याची रीत वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात कितीतरी घरांत वापरली. आपल्याकडच्या मिस्त्र्यांना ती शिकवणे अवघड नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. विदर्भ म्हणजे एक हवा आणि एक माती नव्हे. बुलडाणा, अकोला, यवतमाळच्या कापसाच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा टाकते. जुनी माणसे घरे पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीवर, बांधत आणि काळी पिकासाठी ठेवत. आता गावठाणात जागा उरली नाही, म्हणून घरकुले काळ्या मातीवर जात आहेत, आणि उथळ पाया घेतलेल्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघायला दोन पावसाळे पुरतात. अशा मातीसाठी खालच्या टोकाला फुगीर केलेल्या खांबांचा पाया रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अनेक दशकांपूर्वी विकसित केला आहे. तो परवडत नसेल तेथे निदान पाया पुरेसा खोल नेणे, त्यात मुरूम भरणे, जोत्यावर आणि लिंटेलच्या (दार-खिडक्यांवरच्या तुळईच्या) पातळीवर सळाखींचा सलग पट्टा घालणे आणि छताचे पाणी पायापासून दूर नेणे एवढे तरी सक्तीचे हवे. धान पिकवणाऱ्या भंडारा-गोंदियात आणि गडचिरोलीत प्रश्न निराळा आहे. तिथे पाऊस जास्त असल्याने भिंतीबाहेर चांगले पुढे आलेले छत हवे, आणि वैनगंगेच्या काठच्या गावांनी ऑगस्ट २०२० चा पूर पाहिला असल्याने जोत्याची उंची त्या पुराच्या खुणेवरून ठरायला हवी. ठरावीक दीड-दोन फूट जोते तिथे पुरत नाही.

मंत्री महोदय, मुळात योजनेचे नियम या सगळ्याच्या आड येत नाहीत. घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर असावे, ते लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदार नसावा, आणि नेहमीची देखभाल केल्यास घर निदान ३० वर्षे टिकावे, एवढीच मुख्य अपेक्षा आहे. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ या नावाने निरनिराळ्या प्रदेशांच्या हवामानाला आणि तिथल्या साहित्याला धरून घरांचे नमुनेही तयार करून घेतले आहेत. पण तालुक्याला पोचेपर्यंत हे सारे गळून जाते आणि उरतो तो जोते, लिंटेल, स्लॅब या पायऱ्यांचा फोटो. एकेका ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याकडे इतकी गावे असतात की अनुदानाच्या पुढच्या हप्त्यासाठी फोटो चढवण्यातच त्याचा दिवस संपतो. मग बांबूची भिंत किंवा कौलारू छत घेतले तर हप्ता अडेल या धास्तीने लाभार्थी शेजाऱ्याच्या घराची नक्कल करतो. हाताने घडवलेल्या कवेलूचे छत सरकारी मोजणीत कच्चे धरले जाते, त्यामुळे ही धास्ती अगदीच निराधार आहे असेही म्हणता येत नाही.

पैशांचेही सांगायला हवे. सपाट प्रदेशासाठी केंद्राने २०१६ साली ठरवलेली १ लाख २० हजारांची रक्कम तशीच आहे, तर रेती, गिट्टी, सळाख आणि मजुरी कुठल्या कुठे गेली. राज्याने घातलेली भर स्वागतार्ह आहे. माझे मागणे असे आहे की या भरीतला काही भाग छपरी, छतावरचा पांढरा थर आणि काळ्या मातीतला पाया यांच्यासाठी नावानिशी राखून ठेवावा, कारण पैसे संपत आले की सर्वांत आधी याच तीन गोष्टी गाळल्या जातात.

मार्गदर्शनासाठी दूर जाण्याची गरज नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकमेकींत बसवून, लाकूड व लोखंडाशिवाय कमानीचे छत उभारण्याचे तंत्र फार पूर्वी सिद्ध केले. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. सेवाग्रामातले १९३६ चे आदी निवास आणि बापूकुटी आजही उभ्या आहेत, आणि त्यांच्या खोल ओसरीत मे महिन्याच्या दुपारी कोणत्याही अभियंत्याला बसून पाहता येईल. या संस्थांना घेऊन प्रत्येक तालुक्यात तिथल्या माती-हवेचे एक नमुना घरकुल बांधावे, त्याच बांधकामावर गावच्या मिस्त्र्यांना शिकवावे, आणि उन्हाळ्यात त्या घरातले व शेजारच्या नेहमीच्या घरकुलातले तापमान रोज नोंदवून दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. लोकांना आणखी काही पटवून द्यावे लागणार नाही.

त्याआधी एक आदेश मात्र लगेच निघू शकतो. पहिल्या हप्त्यानंतर आणि जोते आखण्यापूर्वी अभियंत्याने घरमालकीण व मिस्त्री यांच्यासह जागेवर उभे राहून ऊन, वारा, उतार आणि मातीची पाहणी करावी आणि तिथेच नकाशावर सह्या घ्याव्यात. बांबू, माती, कौल अशा साहित्याने बांधलेले, पण ३० वर्षे टिकण्याच्या कसोटीला उतरणारे घर हप्त्यासाठी पात्र आहे, हेही त्याच आदेशात स्पष्ट लिहावे. पुढच्या हंगामातली जोती आखली जाण्याआधी हा आदेश पंचायत समित्यांपर्यंत पोचावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वास्तुरचनाकार, जिल्हा यवतमाळ